सांगितलं सगळं, पोचलं किती? सोलापुरातल्या एका वॉर्डातलं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सोलापुरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातलं आहे. रुग्ण, विद्यार्थिनी, कर्मचारी या सगळ्यांची नावं बदलली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी तिथे कम्युनिटी मेडिसिन शिकवते आणि विद्यार्थ्यांचे संवादकौशल्याचे तासही घेते.

एमबीबीएसमध्ये हा विषय आता ऐच्छिक राहिलेला नाही. २०१९ च्या तुकडीपासून क्षमताधारित अभ्यासक्रम आला आणि त्यातूनच वृत्ती, नीती आणि संवाद शिकवणारा ‘एटकॉम’ आला. त्याची २७ मोड्यूल आहेत आणि ती पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत विखुरलेली आहेत. त्याआधी रुग्णाशी कसं बोलायचं हे राऊंडला सरांच्या मागे उभं राहून उचललं जायचं. सर प्रेमळ असले तर विद्यार्थी प्रेमळ, तिरसट असले तर तिरसट. हे नशिबावर सोडायचं नाही असं ठरलं, ही फार मोलाची गोष्ट आहे.

आमच्याकडे हे शिक्षण मुख्यतः दोन जागी व्हायचं. एक म्हणजे लेक्चर हॉलमधले रोल-प्ले आणि दुसरी ‘ऑस्की’ परीक्षा. स्कॉटलंडमधल्या डंडीचे रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये ही परीक्षापद्धत मांडली. विद्यार्थी ठरावीक मिनिटांनी एका टेबलावरून पुढच्या टेबलावर सरकतात, प्रत्येक टेबलावर एक काम असतं आणि परीक्षकाच्या हातात खुणा करायची यादी. संवादाच्या टेबलावर बनावट रुग्ण बसतो. आमचा बनावट रुग्ण म्हणजे बहुतेक वेळा एखादा रेसिडेंट डॉक्टर असायचा आणि सगळं बोलणं स्वच्छ मराठीत चालायचं.

वॉर्डात मात्र तसं नाही. शहराच्या पूर्व भागातून आणि विडी घरकुलाकडून येणारी माणसं घरात तेलुगू बोलतात. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या गावांतून, सीमेपलीकडच्या विजयपूर आणि कलबुर्गीकडून येणारे कन्नड बोलतात. दखनी तर कुठल्याही वॉर्डात ऐकू येते. आणि विद्यार्थी येतात नाशिकहून, नागपूरहून, अखिल भारतीय कोट्यातून थेट राजस्थानातून. बाजारापुरतं मराठी सगळ्या रुग्णांना येतं. पण भाजीचा भाव करणं वेगळं आणि स्वतःच्या आजाराबद्दल ऐकून घेणं वेगळं.

काय घडलं

नरसव्वा पन्नाशीच्या, विडी कामगार. कारखान्यातून पानं आणि तंबाखू आणायचा, घरी विड्या वळायच्या, मोजून परत द्यायच्या आणि हजारावर मजुरी घ्यायची. दोन महिने खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरलेलं. मेडिसिनच्या वॉर्डात दाखल झाल्या. थुंकीच्या तपासणीत फुप्फुसाचा क्षयरोग निघाला, नेहमीच्या औषधांना दाद देणारा. तोवर ताप उतरला होता आणि रिपोर्ट आला त्याच दिवशी डिस्चार्ज ठरला. वजन ४२ किलो, म्हणून चार औषधांची एकत्रित गोळी रोज ३. पहिले दोन महिने ही चार औषधं आणि पुढचे चार महिने त्यांतली तीन. गोळ्या हातात दिल्या होत्या, दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरी सुरू करायच्या होत्या.

समजावून सांगायचं काम वैदेहीकडे आलं. ती तिसऱ्या वर्षाची, वॉर्डच्या पोस्टिंगवर होती. याच विषयावरच्या ऑस्कीत तिला काही आठवड्यांपूर्वी जवळपास पूर्ण गुण मिळाले होते. नरसव्वांपाशीही तिने शिकवल्याप्रमाणे सगळं केलं. स्टूल ओढून समोर बसली, नाव सांगितलं, ‘अक्का’ म्हणून हाक मारली. आजार कोणता, औषध किती महिने, मध्येच का सोडायचं नाही, खोकताना तोंडावर पदर, पोषणासाठी सरकारकडून खात्यात येणारे पैसे, आणि औषधाचे त्रास: मळमळ होईल, डोळे पिवळे दिसले तर लगेच या, लघवी लाल होईल, घाबरायचं नाही.

मध्ये दुभाषा म्हणून नरसव्वांचा नातू राजू उभा होता. आठवीतला, मराठी शाळेत जाणारा, चुणचुणीत. वैदेही बोलायची, तो आजीला तेलुगूत सांगायचा. शेवटी वैदेहीने वॉर्डात शिकलेला एक शब्द स्वतः वापरला, ‘अर्थमैंदा?’ म्हणजे ‘समजलं का?’ नरसव्वांनी मान हलवली, ‘आ’ म्हणाल्या. केसपेपरवर ‘समुपदेशन केले’ अशी नोंद झाली.

पुढच्या महिन्याच्या गोळ्या न्यायला कुणी आलं नाही. टीबी केंद्रातून केलेले फोन उचलले गेले नाहीत. मग त्या भागातल्या आशाताई घरी गेल्या. त्या स्वतः तेलुगू घरातल्या. नरसव्वांनी पत्र्याचा डबा उघडून गोळ्यांच्या पट्ट्या दाखवल्या. चार दिवस घेतल्या होत्या. पहिल्याच दिवशी लघवी लाल आली आणि त्यांना वाटलं, रक्त जातंय. औषध उष्ण पडलं, आतून काहीतरी फाटलं, अशी समजूत झाली. चौथ्या दिवशी त्यांनी ते बंद केलं आणि कुणाला बोलल्या नाहीत. औषध सुटून तीन आठवडे उलटले होते.

त्या चार औषधांतल्या रिफाम्पिसिनमुळे लघवी लाल-केशरी होते, कधी घाम आणि डोळ्यांतलं पाणीही. त्यात धोका काही नसतो. हे एक वाक्य नरसव्वांपर्यंत आलंच नव्हतं. भरल्या वॉर्डात आजीशी लघवीबद्दल कसं बोलायचं, म्हणून राजूने ते गाळलं होतं. टीबी हा शब्दही त्याने गाळला, कारण आजी रडेल अशी त्याला भीती वाटली. ‘छातीत कफ झालाय, गोळ्या घे’ एवढंच त्याने सांगितलं. हे आशाताईंना राजूच्या आईकडून कळलं. तेरा वर्षांच्या पोराला आपण काय काम दिलं होतं, हे त्या दिवशी विभागातल्या सगळ्यांच्या लक्षात आलं.

प्रश्न नेमका कुठे होता

विभागाच्या बैठकीत तीन सूर निघाले. एक, रुग्ण अडाणी, त्याला कुणी काय करणार. दोन, मुलीने हलगर्जी केली. तीन, हा भाषेचा प्रश्न, त्यात आपला काय दोष.

पहिला सूर मला मुळीच मान्य नाही. लघवीत रक्त दिसल्यावर औषध थांबवणं हा शहाणपणाचा निर्णय आहे. नरसव्वांच्या हातात जेवढी माहिती होती तेवढ्यावर कुणीही तेच केलं असतं.

दुसऱ्या सुरासाठी आम्ही ऑस्कीची यादी काढून समोर ठेवली. अभिवादन केलं का, नाव सांगितलं का, साधी भाषा वापरली का, कालावधी सांगितला का, दुष्परिणाम सांगितले का, शंका विचारायला वाव दिला का. वॉर्डात वैदेहीने यातलं एकही सोडलं नव्हतं. त्या दिवशी तिथे परीक्षक असता तर त्यानेही तिला तेवढेच गुण दिले असते. म्हणजे आमची यादी विद्यार्थ्याच्या तोंडातून काय बाहेर पडलं तेवढंच मोजत होती. रुग्णाच्या कानात आणि डोक्यात काय उतरलं याची एकही ओळ तीत नव्हती.

वैदेहीशी मी एकटीने बोलले. तिने सांगितलेली एक गोष्ट या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती म्हणाली, “मॅडम, मी पाच वाक्यं बोलले तेव्हा तो एकच बोलला. माझ्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, तेलुगूत कमी शब्दांत होत असेल.” तिला दिसलं होतं. दिसलेल्या गोष्टीचा अर्थ थांबा, पुन्हा सांगा, असा होतो हे तिला कुठल्याच तासाला कुणी सांगितलं नव्हतं.

तिसरा सूर अर्धा खरा आहे. भाषेची अडचण होतीच. पण अस्सल मराठी रुग्णालाही ‘समजलं का?’ विचारलं तर तो ‘हो’ म्हणतो. पांढऱ्या कोटासमोर, रांग मागे उभी असताना, ‘नाही समजलं’ म्हणायला मोठं धाडस लागतं. डॉक्टरने दिलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेच विसरतात आणि जी आठवते तिच्यातही जवळजवळ निम्मी चुकीची आठवते, असं रॉय केसेल्स यांनी तोवर झालेल्या संशोधनाचा आढावा घेऊन २००३ मध्ये लिहिलं होतं. हे एकाच भाषेत बोलणाऱ्यांबद्दलही खरं आहे. मध्ये दुभाषा आला की गळतीला आणखी एक जागा मिळते, इतकंच.

बैठकीत आणखी एक मुद्दा निघाला, तो अलीकडे सगळीकडेच निघतो. संवाद शिकवायचा तो नातेवाइकांचे हल्ले टाळण्यासाठी. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, तरी भीती आहे आणि ती खरी आहे. रात्रपाळीला एकटी असलेली इंटर्न घाबरते तेव्हा तिला कुणी भित्री म्हणू नये. तरीही संवादशिक्षणाचा हा मुख्य हेतू मानला की लक्ष फक्त आरडाओरडा करणाऱ्या रुग्णाकडे जातं. नरसव्वांनी कुणाला जाब विचारला नाही. त्यांनी गोळ्या डब्यात ठेवल्या आणि विड्या वळत राहिल्या. असे रुग्ण आमच्याकडे कितीतरी जास्त येतात.

कोणते पर्याय समोर होते

आणखी लेक्चरं घ्यायची, हा सगळ्यांत सोपा पर्याय होता. वाईट बातमी सांगण्याच्या सहा पायऱ्यांची ‘स्पाइक्स’ पद्धत २००० पासून जगभर शिकवली जाते आणि आम्हीही शिकवतो. तिची दुसरी पायरी म्हणजे रुग्णाला काय माहीत आहे आणि काय वाटतंय, ते आधी विचारणं. ही पायरी विद्यार्थी परीक्षेत न चुकता लिहितात. माहितीची कमतरता नव्हती, म्हणून हा पर्याय लवकर मागे पडला.

भाषा शिकवण्यावर बरीच चर्चा झाली. विद्यार्थ्यांचा याला मोठा पाठिंबा होता. एकाने डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं उदाहरण दिलं. सोलापूरचा माणूस १९३८ साली चीनला जातो आणि चिनी शिकून तिथल्या लोकांवर उपचार करतो, मग आम्हाला तेलुगू का जमू नये? मुद्दा मनाला भिडणारा होता. तेलुगू-कन्नडची रोजची वाक्यं शिकवावीत हे आम्ही मान्य केलं. कुठे दुखतंय, किती दिवस झाले, जेवण झालं का. ओळखीचे चार शब्द ऐकून रुग्णाचा चेहरा खुलतो, त्याची किंमत मोठी आहे. पण दुसऱ्या बाजूने एका सहकाऱ्याने जे सांगितलं तेही पटलं. थोडी भाषा येणाऱ्याला आपल्याला पुरेशी येते असं वाटायला लागतं. ‘अर्थमैंदा?’ हा शब्द वैदेहीला येत होता आणि त्यानेच तिची खात्री पटली होती.

पगारी दुभाषे नेमावेत, ही खरी गरज. तसं पद मंजूर नाही आणि लवकर होईल अशी चिन्हं नव्हती. प्रस्ताव पाठवला, पण त्याच्यावर विसंबून राहता येणार नव्हतं.

वॉर्डातल्या तेलुगू-कन्नड जाणणाऱ्या मावशी, सिस्टर, आशाताई यांची मदत घ्यायची, असाही विचार झाला. त्या सगळ्या आधीच कामाने वाकलेल्या. शिवाय मावशी त्याच गल्लीतली निघाली तर आजार वस्तीत पोचायचा धोका. क्षयरोग झालाय कळल्यावर काम मिळेल का, सून माहेरी जाईल का, या चिंता पूर्व भागातल्या घरांत अजून आहेत.

शेवटचा पर्याय परीक्षेचा होता. यादी बदलायची आणि गुण रुग्ण काय सांगू शकला यावर द्यायचे. यावरच सर्वांत जास्त वाद झाला.

निर्णय

पहिला प्रश्न वैदेहीचा होता. तिला समज द्यावी असं दोघांचं मत होतं. मी विरोध केला. शिकवल्याप्रमाणे वागणाऱ्या मुलीला शिक्षा केली तर बाकीची मुलं एवढंच शिकतील की घडलेलं लपवायचं. तिने स्वतः हे प्रकरण तुकडीसमोर मांडावं का, हे तिच्यावर सोडलं. काही दिवसांनी ती तयार झाली. तिच्या तोंडून ‘पाच वाक्यांना एक’ हे ऐकताना हॉलमध्ये जी शांतता होती ती माझ्या कुठल्या लेक्चरला कधी मिळाली नसती.

दुसरं, मुलांना दुभाषा करायचं नाही. जीवघेणी तातडी असेल तेव्हाच अपवाद. यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि तेवढाच एक निर्णय एका मिनिटात झाला. राजूला कुणीही काही विचारायचं नाही, हेही त्याच वेळी ठरलं.

तिसरा निर्णय गुणांचा. ज्येष्ठ प्राध्यापकांचा आक्षेप रास्त होता. रुग्ण तापात असेल, कमी ऐकू येत असेल, तर विद्यार्थ्याने कितीही नीट सांगितलं तरी तो परत सांगू शकणार नाही. मग रुग्णाच्या उत्तरावर विद्यार्थ्याचं नशीब का बांधायचं? दोन बैठका यातच गेल्या. शेवटी मधला मार्ग निघाला. रुग्णाने बरोबर सांगितलं का याला गुण नाहीत. विद्यार्थ्याने परत सांगायला लावलं का, राहिलेलं काय ते ओळखलं का आणि ते वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगितलं का, याला गुण. आणि हे फक्त कॉलेजच्या अंतर्गत मूल्यमापनात, विद्यापीठाच्या परीक्षेला हात लावायचा नाही. मला हा मार्ग मूळ कल्पनेपेक्षा चांगला वाटतो. विद्यार्थ्याच्या हातात जे आहे त्यालाच गुण राहिले.

अंमलबजावणी

तास हॉलमधून उचलून वॉर्डात आणि शहरी आरोग्य केंद्रात नेले, पाच-सहा विद्यार्थ्यांच्या गटाने.

परत सांगायला कसं लावायचं, यावर खूप वेळ दिला, कारण इथे मुलं अडखळतात. ‘मी काय सांगितलं ते सांगा बघू’ म्हटलं की रुग्णाला शाळेत उभं केल्यासारखं होतं. आम्ही वाक्य असं बसवलं: “मी बरंच बोलले, माझ्याकडून काही राहिलं का ते मला बघायचंय. घरी गेल्यावर सूनबाईंनी विचारलं तर तुम्ही काय सांगाल?” यात परीक्षा बोलणाऱ्याची होते. मुलांनी आपापले पाठभेद केले. कुणी ‘धाकट्या भावाला फोनवर काय सांगाल’ म्हणतं, कुणी ‘उद्या सकाळी उठल्यावर आधी काय कराल’. हा शेवटचा मला सर्वांत आवडतो, त्यात रुग्ण गोळ्या कुठे ठेवणार इथपर्यंत बोलून जातो.

दुभाषासोबत बसायची पद्धत ठरवली. सुरू करण्यापूर्वी त्याला बाजूला घेऊन सांगायचं: मी बोलेन ते सगळं सांगा, बोलायला संकोच वाटला तर मला थांबवा, आणि इथलं बाहेर बोलायचं नाही. रुग्णालाही आधी विचारायचं, ही मावशी मध्ये बसली तर चालेल का. नजर रुग्णाकडे ठेवायची, दुभाषाकडे नाही. एक-दोन वाक्यं झाली की थांबायचं. आणि पाचाला एक ऐकू आलं तर तिथेच थांबून विचारायचं, ‘आत्ता काय काय सांगितलं?’

सांगायच्या गोष्टींचा क्रमही उलटा केला. पूर्वी जिवाणूपासून सुरुवात व्हायची. आता पहिला प्रश्न असा: हा रुग्ण औषध कशामुळे सोडेल? क्षयरोगात उत्तरं ठरलेली आहेत. लाल लघवी, मळमळ, आणि काही आठवड्यांत बरं वाटायला लागणं. ती तीन आधी, एका बैठकीत तेवढीच. बाकीचं पुढच्या भेटीत.

लाल लघवीचं सांगणं कसं सोपं होतं हे आम्हाला एका मावशींनी दाखवलं. विद्यार्थी गोळी तळहातावर घेऊन तिचा तांबूस रंग दाखवत होता. मावशींनी तेलुगूत स्वतःहून भर घातली: नवी चादर पहिल्यांदा धुतली की पाण्याला रंग सुटतो, तसा गोळीचा रंग सुटतो, चादरीला काही होत नाही. मागाच्या खडखडाटात वाढलेल्या बाईला याहून जास्त काही सांगावं लागलं नाही. ते वाक्य आता सगळे गट वापरतात.

परीक्षेसाठी बनावट रुग्ण बदलले. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ च्या सुमारास अमेरिकेत प्रशिक्षित बनावट रुग्ण वापरायला सुरुवात केली, तेव्हापासूनचा नियम हा की त्या माणसाने प्रत्येक विद्यार्थ्यासमोर सारखंच वागायचं. आम्ही आरोग्य केंद्राच्या भागातल्या बचत गटातल्या बायकांना विचारलं. मानधन ठरवलं, तालमी घेतल्या. पहिली तालीम नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात ठेवली गेली आणि पुढे ढकलावी लागली. मार्कंडेय महाराजांच्या रथाच्या दिवसांत पूर्व भागातून कोण येणार? न समजताही मान हलवायचं कसं, याची तालीम घ्यायची म्हटल्यावर त्या हसल्या. “ते आम्हाला शिकवायला नको मॅडम,” एक जण म्हणाली.

त्यांचा अभिप्राय परीक्षकांच्या अभिप्रायापेक्षा धारदार निघाला. “ह्यो पोरगा कागदाकडं बघून बोलतो.” “ही चांगली बोलली, पण मला बोलूच दिलं नाही.” अमेरिकेतल्या बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ मध्ये मोजलं होतं की डॉक्टर रुग्णाचं बोलणं सरासरी १८ सेकंदांत तोडतो. हा आकडा मुलं दर वर्षी ऐकतात. बचत गटातल्या बाईने तोंडावर सांगितल्यावर त्यातला अर्थ त्यांच्या अंगाला लागला.

निष्पत्ती

नरसव्वांची थुंकी पुन्हा तपासली. तीन आठवड्यांच्या खंडानंतर मोठी भीती औषधाला दाद न देणाऱ्या क्षयरोगाची होती. रिफाम्पिसिनला प्रतिकार निघाला नाही. चुकलेले डोस भरून काढत उपचार पुन्हा सुरू झाले आणि पूर्णही झाले. या वेळी आशाताईंनी समजावलं आणि वैदेही शेजारी बसून ऐकत होती. नरसव्वांनी सगळं परत सांगितलं आणि वर विचारलं, ताटं वेगळी करायची का? वॉर्डातल्या त्या पूर्ण गुणांच्या संभाषणात हा प्रश्न विचारायला जागाच नव्हती. ताट वेगळं करायची गरज नाही, हा रोग भांड्यांतून पसरत नाही, खोकल्यातून हवेमार्फत पसरतो, हे ऐकून त्यांच्या खांद्यावरचा भार उतरलेला वैदेहीने पाहिला.

विद्यार्थ्यांमध्ये फरक दिसतो. राऊंडला आता मुलं स्वतःहून सांगतात, ‘मी सांगितलं, त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, तिसरी राहिली, दुपारी परत जाते.’ ‘समुपदेशन केले’ यापेक्षा हे वाक्य कितीतरी खरं आहे.

सगळं जमलं असं मात्र नाही. गर्दीच्या ओपीडीत ही पद्धत टिकत नाही. भारतात प्राथमिक उपचारांत डॉक्टरची भेट सरासरी दोनेक मिनिटांची असते, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक देशांच्या तुलनेत दिसलं होतं, आणि सोमवारच्या सकाळी आमच्याकडे तेवढीही मिळत नाही. काही निवासी डॉक्टरांना हा प्रकार वेळखाऊ वाटतो आणि ते विद्यार्थ्यांसमोर तसं बोलतात. मावशींवरचा भार वाढला. एका सिस्टरने स्पष्ट सांगितलं की दुभाषाचं काम माझ्या ड्यूटीत लिहा, नाहीतर मला बोलावू नका. तिचं म्हणणं योग्य आहे आणि त्यावर अजून तोडगा निघालेला नाही. दुभाषाच्या पदाचा प्रस्तावही तिथेच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

टीबी केंद्रातले कर्मचारी आणि आशाताई या रचनेत सुरुवातीपासून हव्या होत्या. रुग्ण औषध का सोडतो हे त्यांना रोज कळतं. त्यांना विद्यार्थ्यांसमोर शिक्षक म्हणून बसवायला वेळ गेला, कारण पदवी नसलेल्या माणसाने एमबीबीएसच्या मुलांना शिकवावं ही कल्पना काहींच्या पचनी पडली नाही. आता त्या येतात आणि त्यांचा तास सर्वांत भरलेला असतो.

डिस्चार्जच्या दिवशीच सगळं सांगायचं, हा रिवाज मोडायला हवा होता. त्या दिवशी घरच्यांचं लक्ष बिलं, रिक्षा, कपड्यांची बोचकी यांत असतं. संशय असतानाच, रिपोर्टची वाट पाहत असताना, थोडं थोडं बोलता आलं असतं.

सगळा भर तेलुगूवर राहिला, कारण प्रकरण तेलुगू घरातलं होतं. कन्नड बोलणारे रुग्ण तितकेच आहेत आणि त्यांच्यातले अनेक जण सीमेपलीकडे परत जातात, म्हणजे त्यांच्या घरी जाऊन डबा उघडून बघणारी आमची आशाताई नाही. त्यांच्या बाबतीत वॉर्डातलं बोलणं नीट होणं जास्त गरजेचं आहे. कन्नड जाणणाऱ्या बनावट रुग्ण तयार करण्याचं काम अलीकडेच सुरू झालं.

आणि इंटर्न. वॉर्डात प्रत्यक्ष समजावून सांगण्याचं बहुतेक काम तेच करतात, पण आमची सगळी तयारी विद्यार्थ्यांपुरती राहिली. त्यांच्यासाठी डिस्चार्ज कार्डावर एक बदल सुचवला आहे. ‘समुपदेशन केले’ ही ओळ काढून तिथे ‘रुग्णाने स्वतःच्या शब्दांत काय सांगितले’ अशी दोन ओळींची मोकळी जागा. मेडिसिनच्या एका युनिटमध्ये ती छापून वापरात आली आहे. मधुमेहाच्या एका रुग्णाच्या कार्डावर इंटर्नने लिहिलं होतं, ‘इन्सुलिन जेवणाआधी, पण उपवास असेल त्या दिवशी काय करायचं ते विचारतात.’ खाली युनिटच्या सरांचं उत्तर होतं आणि तारीख. सर्जरी विभागाने तो नमुना मागून घेतला आहे.